नारळवाले

"ते समदं ठीक हाय, पण खाडा कोण देणार?"

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायच्या कामाला, असलेल्या पोरानं हे विचारलं, तेव्हा आम्ही सातजण उद्यमनगरात माझ्या शेडच्या पोटमाळ्यावर बसलो होतो. खाली लेथ बंद, वर कुलंटचा वास, मधे संस्थेच्या घटनेचा कच्चा मसुदा आणि त्यावर चहाच्या कपांची वर्तुळं. सातजण अशासाठी, की १८६० चा संस्था नोंदणी कायदा किमान सात सभासद मागतो. आठवा मिळाला असता तर घेतला असता, पण कोल्हापुरात रग्बी लीगचा क्लब काढायला सात माणसं जमली हेच खूप होतं.

पगारदार माणसाची रजा असते, हजेरीवाल्याचा खाडा असतो. या पोराची सुट्टी सोमवारी आणि आम्ही सराव ठेवला रविवारी सकाळी. महिन्याचे चार रविवार म्हणजे चार खाडे, साडेपाचशेच्या हजेरीनं बावीसशे रुपये. हा हिशोब त्यानं बसल्याजागी तोंडी केला. आमच्यात बँकेतून रिटायर झालेले एक साहेब आहेत, तरुणपणी पेठेच्या संघाकडून फुटबॉल खेळलेले. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "अरे, हौशी क्लब आहे हा. हौसेला मोल नसतं."

"हौसंला नसंल साहेब," पोरगं म्हणालं, "हजेरीला हाय की."

सगळे हसले. मी तेवढा हसलो नाही. हा प्रश्न मला ओळखीचा होता, आणि ज्या गावात त्याची ओळख झाली तिथूनच मी तो बॉल आणला होता ज्याच्यापायी आम्ही त्या माळ्यावर बसलो होतो.

२०१० च्या हिवाळ्यात पंपाच्या कास्टिंगच्या एका कामासाठी मी चार महिने हडर्सफील्डला राहिलो. यॉर्कशरमधलं लोकरीच्या गिरण्यांचं जुनं गाव. धुरानं काळवंडलेला दगड, सगळा चढउतार, आणि दुपारी चार वाजता अंधार. स्टेशनाबाहेरच्या चौकात माजी पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांचा पुतळा आहे आणि चौकाच्या कडेला जॉर्ज हॉटेल. त्याच्या तळघरात तेव्हा रग्बी लीगचं छोटं संग्रहालय होतं. पाऊस टाळायला म्हणून मी आत शिरलो, आणि मग पाऊस नसतानाही दोन-तीनदा गेलो.

रग्बी म्हटलं की आपल्याकडं डोळ्यांपुढं येते ती रग्बी युनियन, पंधरा-पंधरा जणांची. रग्बी लीग ही तिची भाऊबंदकीत वेगळी झालेली शाखा, आणि भांडण होतं खाड्याचं. उत्तर इंग्लंडात हा खेळ खेळणारे बहुतेक जण खाणीत किंवा गिरणीत कामाला. शनिवारीही अर्धा दिवस काम असायचं. लांबच्या गावी सामना असला की तेवढी हजेरी बुडायची. यॉर्कशरच्या लोकांनी एवढंच मागितलं, की बुडालेल्या वेळेची भरपाई द्यायला क्लबांना परवानगी द्या. १८९३ साली लंडनच्या सभेत हा ठराव २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. सभेतल्या सद्गृहस्थांचं म्हणणं असं, की खेळाचे पैसे घेतले की खेळाची शान गेली. ज्याला परवडत नाही त्यानं खेळू नये. हे ज्यांनी ठरवलं त्यांच्यातल्या कुणाला खाडा माहीत नव्हता.

दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ ला, याच जॉर्ज हॉटेलात उत्तरेतल्या क्लबांची माणसं जमली. इकडं शाहू महाराज गादीवर येऊन दीड वर्षही झालं नव्हतं. बावीस क्लबांनी वेगळी चूल मांडली. त्यातल्या स्टॉकपोर्टनं तर होकार टेलिफोनवरून कळवला. भरपाई ठरली दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग. सहा शिलिंगांवरून एका खेळाचे दोन खेळ झाले, आणि ते आजपर्यंत परत एक झालेले नाहीत. गंमत म्हणजे थोरल्या घरानं, युनियननं, खेळाडूंना उघड पैसे द्यायला मान्यता दिली ती २६ ऑगस्ट १९९५ ला. शंभर वर्षं भरायला तीन दिवस कमी होते.

बाकी फरक मग हळूहळू आले. तिकीट काढून आलेल्या माणसाला ढिगाऱ्यात अडकलेला बॉल बघायचा नव्हता, पळणारी माणसं बघायची होती. म्हणून १९०६ ला पंधराचे तेरा केले. खाली पडलेल्यानं उठून बॉल पायानं मागं सरकवायचा आणि खेळ पुढं चालू, अशी रीत आली. १९७२ पासून सहा टॅकलचा हिशोब आला. सहा वेळा अडवलं की बॉल समोरच्याला. ट्रायला, म्हणजे समोरच्याच्या रेषेपलीकडं बॉल टेकवला की चार गुण, खांबांमधून मारलेल्या गोलला दोन. ज्याला कबड्डी कळते त्याला दहा मिनिटांत लीग कळते असं माझं मत आहे, आणि मी ते हडर्सफील्डमध्येही बोलून दाखवलं होतं. कुणी मनावर घेतलं नाही.

पण मला ओढ लागली ती संग्रहालयामुळं नव्हे. राहत होतो तिथून जवळ एका हौशी क्लबचं मैदान होतं. हौशी लीगची ब्रिटिश संघटनाही १९७३ ला याच गावात जन्मली, तेव्हा मैदानांना तोटा नव्हता. शनिवारी दुपारी एक म्हातारा गृहस्थ ढकलगाडीनं रेषा मारायचा, आणि एका तिरक्या रेषेवरून त्याची बायको त्याला बोलायची. ती स्वतः चहाच्या बंबापाशी उभी. कप्तान नळदुरुस्तीचं काम करायचा. गेटाजवळ प्लॅस्टिकची एक बादली ठेवलेली असायची आणि येणारा-जाणारा तिच्यात नाणी टाकायचा. गुडघा मोडून घरी बसलेल्या एका खेळाडूसाठी होती ती. मीही टाकली. परतताना एक बॉल विकत घेतला आणि हवा काढून बॅगेत भरला.

घरी तो लोणच्याच्या बरण्यांशेजारी माळ्यावर बरीच वर्षं पडला. दिवाळीच्या साफसफाईत भाच्याच्या हाती लागला. "मामा, ह्ये कंच्या कोंबडीचं अंडं?" एवढंच विचारून तो बॉल घेऊन तपोवन मैदानावर गेला, आणि संध्याकाळी परत आला तो बारा-पंधरा पोरं बरोबर घेऊन. त्यांना नियम हवे होते.

सोललेल्या नारळासारखा बॉल, म्हणून आम्ही नारळवाले झालो. संस्थेला रीतसर नाव आहे. त्या नावावर तीन बैठका झाल्या, एक जण रुसून निघून गेला, शेवटी धर्मादाय आयुक्तांकडच्या कागदावर एक भारदस्त नाव चढलं. ते कुणी उच्चारत नाही. फेटलिंगचं पोरगं पहिल्याच दिवशी म्हणालं होतं, "ह्या नारळाच्या नादानं कंपनीनं नारळ दिला म्हंजे?" तेव्हापासून हेच नाव चिकटलं.

नावावरून वाद व्हायला कारणही होतं. कोल्हापुरात खेळ म्हणजे पेठ. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं घेतली की ऐकणाऱ्याचं घर कुठल्या गल्लीत आहे ते त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. ही सगळी तालीम मंडळं. तालीम कुस्तीची, आणि शाहू स्टेडियमवर उतरतो तो तिचा फुटबॉलचा संघ. जगात असं दुसरीकडं कुठं असेल तर मला बघायला आवडेल. आमच्यातल्या एकाचा आग्रह होता, की नावात 'तालीम' हवीच, त्याशिवाय वर्गणी कोण देणार? दुसरा म्हणाला, तालीम म्हटलं की लोक विचारणार, आखाडा कुठाय? जर्सीच्या रंगाचं तर बोलूच नका. कुठलाही रंग घ्या, तो आधीच कुठल्यातरी पेठेच्या अंगावर चढलेला. शेवटी आम्ही विटकरी रंग घेतला, जो कुणालाच आवडला नाही.

बँकवाले साहेब या सगळ्यात शंकेखोर. त्यांनी कुठूनतरी माहिती काढून आणली, की रग्बी भारतात याआधीही येऊन गेली आहे. कलकत्त्यात १८७२ च्या नाताळात सामना झाला, पुढच्या वर्षी क्लब निघाला, आणि चार-पाच वर्षांत गुंडाळलाही. पलटण बदलून गेली, लोक पोलो आणि टेनिसकडं वळले, आणि क्लबातला फुकट बार बंद झाला. मग बँकेत उरलेले २७० चांदीचे रुपये काढून, वितळवून त्याचा चषक केला. कान नागाचे, झाकणावर हत्ती. तो कलकत्ता कप इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून आजवर खेळतायत. साहेबांचं तात्पर्य एवढंच, की आपला क्लब बुडाला तर निदान खात्यात चषकापुरते पैसे असावेत. त्यांची आवडती दुसरी गोष्ट मॅनिंगहॅमची. बावीसमधला हा क्लब पहिल्याच वर्षी लीगचा विजेता ठरला आणि १९०३ मध्ये रग्बी सोडून फुटबॉलला गेला. आजचा ब्रॅडफर्ड सिटी तो हाच. "बघा," साहेब म्हणायचे, "शेवटी फुटबॉल."

मैदानाचे खांब आम्ही स्वतः केले, आणि त्या कामात मात्र कोल्हापूरला तोड नाही. इंग्रजी एच अक्षरासारखे खांब, दोन उभ्यांमध्ये साडेपाच मीटर, आडवी दांडी तीन मीटर उंचीवर. बाजारात तयार मिळायचा प्रश्नच नव्हता. उद्यमनगरात जीआय पाइपचे तुकडे जमवले, दोन रात्री वेल्डिंग केलं, आणि मैदान आपलं नसल्यामुळं खांब उभे करून परत काढता येतील असे बुशिंगमध्ये बसवले. सामना संपला की टेम्पोत टाकून शेडवर. फक्कीनं रेषा मारायचं काम मी मागून घेतलं. त्याही तिरक्या येतात. बोलायला बायको मैदानावर येत नाही, घरी आल्यावर बोलते.

खेळायला आलेल्यांत सगळ्यात उत्साही दोघे पैलवान होते, गंगावेस तालमीत घाम गाळलेले. टॅकल म्हणजे काय हे त्यांना शिकवावं लागलं नाही. समोरचा बॉल घेऊन आला की वाकून दुहेरी पट, आणि माणूस जमिनीवर. बघणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. अडचण त्यानंतरची. लीगमध्ये बॉल धरलेला हात जमिनीला लागला की टॅकल पूर्ण झाला, मग त्या माणसाला सोडायचं आणि उठू द्यायचं. पैलवान सोडेचना. मी शिट्टी फुंकून फुंकून दमलो. "सोड की त्याला!" म्हणून ओरडलो, तर खालून उत्तर आलं, "अजून पाठ कुठं लागलीया?" महिनाभर आमच्या प्रत्येक टॅकलचा शेवट चितपटीत व्हायचा. पुढं वाचनात आलं, की मेलबर्न स्टॉर्मसारखा ऑस्ट्रेलियातला मोठा क्लब खेळाडूंना पकडीचं तंत्र शिकवायला ज्युजुत्सूवाले बोलावतो, समोरच्याला उठायला उशीर व्हावा म्हणून. मी ते पैलवानांना सांगायला नको होतं.

आणि मागं पास. पुढं जायचं तर बॉल हातानं मागंच द्यायचा, हे फुटबॉलमध्ये वाढलेल्या पोरांच्या गळी उतरेना. कठड्यावर बसून बघणारा एक म्हातारा मला बोलावून म्हणाला, "जरा इस्कटून सांगा. माणूस म्होरं पळतोय आन् बॉल मागं फेकतोय, मग ह्यास्नी जायाचं कुठं हाय?" साहेबांची अकरावीतली नात, जी आधी फक्त गुण लिहायला यायची, तिला हे सगळ्यांत लवकर उमगलं. "आजोबा, मी बी खेळतो," म्हणाली आणि टच रग्बीत, म्हणजे न पाडता नुसता हात लावून अडवायच्या खेळात, दोन पोरांना हुलकावणी देऊन गेली. साहेबांची शंका त्या दिवशी थोडी कमी झाली.

खाड्याचा प्रश्न मात्र आम्ही त्या पहिल्या बैठकीत टाळला. सराव रविवारऐवजी कधी सोमवारी, कधी संध्याकाळी सहाला, अशी तात्पुरती मलमपट्टी केली. घटनेत 'उद्देश' या सदराखाली युवकांचा शारीरिक विकास वगैरे जे सगळे लिहितात ते लिहिलं.

मग फेब्रुवारीत, वाळून टणक झालेल्या मैदानावर, फेटलिंगचं पोरगंच पडलं. कुणी वाईट पाडलं नव्हतं. स्वतःच्याच वेगात डाव्या खांद्यावर आलं आणि हासळीचं हाड मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात. सहा आठवड्यांतले सोमवार वजा केले तर छत्तीस खाडे.

त्याच माळ्यावर परत बैठक. साहेब म्हणाले, दवाखान्याचा खर्च करू, पण बुडालेली हजेरी द्यायला लागलो तर सगळ्यांनाच द्यावी लागेल. उद्या कुणीही म्हणेल माझा खाडा झाला. मग हौशी कसले आपण? मुद्दा खोटा नव्हता. पण मला तिथं बसल्या बसल्या लंडनची सभा दिसायला लागली.

मी म्हणालो, आपल्या गावात खेळाचे पैसे घेणं कमीपणाचं कधी होतं? शाहू महाराजांनी १९०२ च्या विलायतवारीत रोमचा जुना आखाडा पाहिला आणि १९१२ मध्ये खासबाग उभं केलं. पैलवानांना दरबारातून खुराक होता. आजही कुस्तीच्या पोस्टरवर पैलवानाच्या नावाखाली इनामाचा आकडा छापतो आपण, लपवत नाही. खाशाबा जाधवांना १९४८ ला लंडन ऑलिंपिकला पाठवायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. १९५२ ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार उभे केले. ते कांस्यपदक हौशी खेळाडूचंच होतं. हौस खाशाबांची, गहाण घर खर्डेकरांचं.

"आपल्याकडं घर गहाण टाकणारा कोण आहे?" साहेबांनी विचारलं. कुणीच नव्हतं.

तोडगा साहेबांच्याच बँकेतल्या डोक्यातून निघाला. संस्थेच्या पैशाला हात लावायचा नाही, तो हिशोब सरकारी. खाड्याची भिशी वेगळी काढायची. प्रत्येकी महिना शंभर, आणि ज्याला लागलं त्यानं उचलायची. दिवसाला कमाल तीनशे. सहा शिलिंगांची आठवण मी काढली नाही. मतदान झालं चार विरुद्ध दोन. पोरगं सातवं, ते स्वतःचंच प्रकरण म्हणून गप्प बसलं. १८९३ चं प्रमाणही जवळजवळ हेच होतं, निकाल तेवढा उलटा. विरोधातलं एक मत साहेबांचं, आणि भिशीची वही तेव्हापासून त्यांच्याकडंच. एका रुपयाची चूक नाही.

छत्तीस दिवसांचे दहा हजार आठशे झाले. भिशीत जमले सव्वीस जणांचे सव्वीसशे. उरलेले कुणी किती घातले ते वहीत नाही, साहेबांनी लिहू दिलं नाही.

हाड जुळलं. पण कंत्राटी माणसाची जागा सहा आठवडे कोण राखून ठेवतो? तो परत गेला तेव्हा त्याच्या ग्राइंडरवर दुसरं पोरगं होतं. नारळ मिळाला. मला शेडमध्ये डीबरिंगला माणूस लागतच होता, मी त्याला घेतलं. क्लबशी याचा काही संबंध नाही, असं मी मला सांगत असतो. १८९८ नंतर उत्तरेतल्या क्लबांनी उघड पैसे द्यायला सुरुवात केली, पण खेळाडूला दुसरी खरीखुरी नोकरी हवी अशी अट ठेवली होती. ते संग्रहालयात वाचलं तेव्हा मला फार शहाणपणाचं वाटलं होतं. नोकरी देणाराच क्लबातही असला तर काय होतं, ते तिथं वाचल्याचं आठवत नाही.

पूर्वी तो मला काका म्हणायचा. आता शेडमध्ये मालक म्हणतो, मैदानावर काका. चुकून पास सुटला तर मी पूर्वी मनसोक्त ओरडायचो, आता जीभ अडखळते. आणि तो सरावाला एकदाही चुकत नाही, हे मला पूर्वी आवडलं असतं.

जुलैत मैदानात घोट्याएवढा चिखल होता. पंचगंगा इशारा पातळीकडं सरकत होती आणि सराव आपोआप बंद पडला होता. मग दोन दिवस उघडीप मिळाली. शनिवारी रात्री मी त्याला फोन केला, की उद्या पोरं जमतायत, येणार का?

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "काका इचारत्यात, का मालक?"